खालची ओळ

तिने बांगडी काढली, घड्याळ काढलं, गळ्यातली साखळी काढली, सगळं रुमालात बांधून बाहेरच्या खिडकीत फोनशेजारी ठेवलं आणि दाराशी उभ्या असलेल्या फिटरकाकांसमोर दोन्ही हात पसरले.

"बघून घ्या."

"मी काय चेकनाक्यावर बसलोय का?" काका म्हणाले, पण बघायचं काही सोडलं नाही. "कानातलं?"

"राहू दे ना. बारीक आहे."

"वाकलीस, सुटलं, दोन टर्मिनलच्या मधे जाऊन पडलं, की बारीक राहत नाही ते. काढ."

तिने कानातलंही काढलं. बॅटरी रूममध्ये ठिणगी आणायची नाही हा नियम तिने अक्षरओळख व्हायच्या आधी बाबांच्या तोंडून ऐकला होता. आणि याच फिटरकाकांनी तिचं नाव तेव्हा 'ठिणगी' ठेवलं होतं. ती दारात दिसली की ते बाबांना हाक मारून हमखास ओरडायचे, "अण्णा, आली बघा तुमची, नियम मोडायला!" आज काही म्हणाले नाहीत. बाजूला सरकले आणि तिला आत जाऊ दिलं.

आत तोच जुना वास होता, घशाच्या मागे चिकटून बसणारा, आंबट. भिंतीतला पंखा खडखडत आतली हवा बाहेर फेकत होता. तीन फळ्यांच्या लोखंडी मांडणीवर पंचावन्न सेल ओळीने उभे होते, प्रत्येक साधारण पाण्याच्या मोठ्या कॅनएवढा. वरची ओळ छातीशी, मधली कमरेशी आणि खालची पार घोट्याशी. एका सेलचं टर्मिनल दुसऱ्याला जाड पट्टीने जोडलेलं, अशी सगळ्यांची मिळून एकच साखळी. महिनाभर कुणी हात न लावल्यामुळे पट्ट्यांच्या कडांवर पांढरट हिरवी भुकटी फुलली होती. बाबा असते तर एवढं फुलू दिलं नसतं.

सबस्टेशनात वीज येते आणि पुढे जाते. पण लाईनवर काही बिघडलं, तार तुटली, झाड पडलं, तर ती वीज तोडणाऱ्या ब्रेकरला जोर लागतो, आणि तो जोर या खोलीतून जातो. एरवी वर्षानुवर्षं ही खोली काहीच करत नाही. नुसती तयार बसून राहते. ज्या दिवशी हाक येते त्या दिवशी मात्र ओ द्यावी लागते, तीही पापणी लवायच्या आत.

महिन्यापूर्वी हाक आली आणि ओ गेली नाही. तार तुटून खाली पडली ती जिवंतच राहिली. पलीकडच्या स्टेशनने लाईन तोडली तोवर एका तरुण लाईनमनचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता.

दुसऱ्या दिवशी बाबा त्याच्या खाटेपाशी गेले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "माझ्या हातून राहिलं." कुणी विचारलं नव्हतं. आठवड्याच्या आत, बुटाची नाडी बांधायला म्हणून पलंगावर बसले ते बसल्या जागी गेले. लोकांना काय, आयतंच मिळालं. अण्णांनी नट ढिला सोडला, असं कँटीनपासून गेटपर्यंत झालं. मेलेल्या माणसाच्या माथ्यावर खापर फोडणं सगळ्यात सोपं. ते माथं हलत नाही.

साहेबांनी तेव्हापासून या पंचावन्न सेलची बँक बाजूला काढून कुलूप लावलं होतं. काम चाललं होतं ते बाहेर ट्रॉलीवर ठेवलेल्या छोट्या सेटवर. तो सेट तिच्याच स्टेशनातून उसना आणलेला, ती तिथे टेस्टिंगला होती. आज तो परत न्यायचा, त्याआधी मोठी बँक धुऊन पुसून, बिघाड शोधून, पुन्हा जोडायची. ट्रॉलीबरोबर कुणालाही पाठवलं असतं तरी चाललं असतं. तिने स्वतःचं नाव पुढे केलं होतं.

"तुम्ही नसता आलात तरी..." साहेब सकाळी तिला बघून म्हणाले होते. माणूस वाईट नव्हता. "मला कुणाचं नाव नकोय, मॅडम. मला कारण हवंय. संध्याकाळी वरच्या ऑफिसला कळवायचंय." मग चष्मा पुसत हळूच म्हणाले, "पण कारणाला नाव असतंच म्हणा."

आणि त्याच्याही आधी, घरून निघताना, आई दारापर्यंत आली होती. महिनाभर ती उंबऱ्याच्या बाहेर पडली नव्हती. शेजारणी यायच्या, तर ही आतल्या खोलीत. लाईनमनची बायको एकदा येऊन गेली तेव्हा हिने दार उघडलं, तिला बसवलं, पण तोंडातून शब्द काढला नाही. लाजच वाटत असणार, लेकीला वाटायचं. नवऱ्यामुळे कुणाचा तरी हात भाजला ही लाज. निघताना आईने तिच्या डब्याचं झाकण उगाच पुन्हा दाबलं आणि म्हणाली, "काय निघेल ते खरं खरं सांग मला. सारवासारव करू नकोस."

म्हणून ती आली होती. बाबांच्या हातून राहिलं नव्हतं, एवढं एक वाक्य घरी न्यायला.

"बुचं घट्ट कर आधी सगळ्यांची," काका म्हणाले. "सोडा आत गेला तर आतलं ॲसिड मारून टाकतो."

"माहीत आहे, काका."

"माहीत असतं सगळ्यांनाच."

त्यांनी बादलीत खायचा सोडा कालवला. तिने वरच्या ओळीपासून सुरुवात केली. एकेक बूच बोटांनी आवळून बघायचं, मग सोड्याच्या पाण्यात बुडवलेलं फडकं पिळून पट्टीवर ठेवायचं. भुकटी फसफसायची, पांढरा फेस वर यायचा आणि हळूहळू बसायचा. फेस थांबला म्हणजे तिथलं ॲसिड संपलं. मग साध्या पाण्याचं फडकं, मग कोरडं. बँक स्टेशनच्या जोडणीतून सुटी केली होती, पण सेलला स्वतःचं बटण नसतं. तो बंद करता येत नाही. पाना हातातून निसटून दोन टर्मिनलवर आडवा पडला तर अजूनही निळा जाळ निघाला असता. पान्याच्या दांड्याला बाबांनी गुंडाळलेली काळी पट्टी होती, बोटांच्या जागी झिजून गुळगुळीत झालेली.

काका मधल्या ओळीला लागले होते. बोलत नव्हते. एरवी हा माणूस ब्रेकरशीसुद्धा गप्पा मारायचा.

"चहा झाला का सकाळी?" तिने विचारलं.

"हं."

"काकू काय म्हणतात?"

"काय म्हणणार. आहे." जरा वेळाने म्हणाले, "वरची झाली की मधली तू घे. खालची मी करतो. तुला वाकायला नको."

"मला वाकायला काय झालंय?"

"झालं नाही काही. मी करतो म्हटलं ना."

तिने मान वळवून पाहिलं. काका तिच्याकडे पाठ करून एकच पट्टी कधीची पुसत होते. ती पट्टी केव्हाच स्वच्छ झाली होती.

वरच्या ओळीत गंज धरू नये म्हणून फासलेलं व्हॅसलिन निघालं तसतसं खाली लाल दिसायला लागलं. नखाएवढी बारीक रेघ, नटाच्या माथ्यावरून निघून पट्टीवर उतरलेली. ती ओळखीची रेघ होती. शाळेत असताना तिची नेलपॉलिशची बाटली गायब झाली होती आणि महिनाभर तिने आईवर संशय घेतला होता. शेवटी बाबांच्या डब्याच्या पिशवीत सापडली. नट हवा तेवढा आवळून झाला की बाबा त्याच्यावरून पट्टीपर्यंत रेघ ओढायचे. रेघ मोडलेली दिसली म्हणजे नट हलला. साधा हिशेब.

"किती आवळायचा हे कसं कळतं?" तिने तेव्हा विचारलं होतं.

"नट रुसला की थांबायचं," बाबा म्हणाले होते. "शिसं मऊ असतं. माणसाला वाटतं अजून थोडं, अजून थोडं. जास्त आवळलं की ते चेपतं, पसरतं, आणि मग जोड घट्ट दिसतो पण आतून ढिला. नाही आवळलं त्याच्यापेक्षा वाईट."

वरच्या ओळीत एकही रेघ मोडलेली नव्हती. प्रत्येक नट जिथे बाबांनी सोडला तिथेच होता. तिच्या छातीवरचं ओझं जरा हललं. पण कोरड्या फडक्याने शेवटचा नट पुसताना तिचा हात थांबला. नटाचे कोपरे घासलेले होते, ते असणारच. पण आवळताना पाना कोपऱ्याची एक बाजू खातो आणि सोडताना दुसरी. इथे दोन्ही बाजू चकाकत होत्या. तिने शेजारचा बघितला. त्याच्यापलीकडचा बघितला. सगळे नट आवळलेही होते आणि सोडलेही होते, एकदा नव्हे, पुष्कळदा. तरी रेघ जुळलेली.

"काका, हे नट कुणी—"

बाहेर यार्डात धाड आवाज झाला.

दोघंही जागच्या जागी गोठले. ब्रेकर होता. लाईनवर काहीतरी झालं होतं आणि ट्रॉलीवरच्या त्या छोट्या सेटला हाक गेली होती. कुठे ओरडा होतो का, कुठे धूर येतो का, याची वाट पाहत ते दोघं पंख्याची खडखड ऐकत राहिले. मग कंट्रोल रूममधून ऑपरेटरचा आवाज आला, "फांदी टेकली होती! ब्रेकरने तोडली, ट्रिप झाली!" आणि कुणीतरी हसलं, उगाचच, सुटल्यासारखं.

काकांच्या हातातलं फडकं खाली पडलं होतं. ते उचलायला वाकले तर बोटांत येईना.

"मी घेते खालची ओळ," ती म्हणाली.

"ठिणगे, ऐक जरा—"

"तुम्ही बसा जरा."

तिने रबरी चटई ओढली आणि थेट जमिनीवर मांडी घातली. खालची ओळ आता तिच्या डोळ्यांसमोर होती. इथे भुकटी जास्त होती, शेवटाकडे तर मुठीएवढी गाठ. एकेक फडकं ठेवत, फेस बसायची वाट पाहत ती सरकत गेली. काका तिच्या मागे उभे होते. त्यांच्या हातात पितळी तारांचा ब्रश होता. त्या ब्रशाचे दोन हात मारले असते तर कुठलीही लाल रेघ राहिली नसती. तिला त्यांचा श्वास ऐकू येत होता. त्यांनी ब्रश चालवला नाही आणि खालीही ठेवला नाही.

पहिल्या नटावरून व्हॅसलिन निघालं. पट्टीवरची रेघ एकीकडे होती आणि नटावरची दुसरीकडे. नट बाबांच्या खुणेच्या पुढे गेला होता.

दुसराही. तिसराही. सगळ्यांचे कोपरे एकाच बाजूने खाल्लेले.

गाठ होती त्या सेलपाशी ती पोचली तेव्हा तिने सोडा दोनदा ओतला. फेस बराच वेळ चालला. खाली टर्मिनल दिसलं ते चेपून पसरलं होतं, तव्यावर ठेवलेल्या मेणासारखं, आणि बुडाशी केसाएवढी चीर गेली होती. त्या चिरेतून ॲसिड वर चढून पट्टीच्या पोटात शिरलं होतं. नट खुणेच्या कितीतरी पुढे गेलेला, सगळ्यात जास्त आवळलेला. तिने त्याला दोन बोटं लावली. तो सैल दातासारखा हलला.

चार्जर चालू असताना असा जोड सगळ्यांना बरा दिसतो. मोजलं तर आकडाही बरा येतो. खरा जोर मागितला की त्याच क्षणी हात वर करतो.

"हा नट बाबांनी नाही आवळला," ती म्हणाली. मागे वळली नाही.

काका एक पाऊल मागे सरकले.

"काका."

"त्याचा हात थरथरायचा," काका म्हणाले. "गेलं वर्षभर. तू घरी बघितलंच असशील. कप बशीत ठेवताना वाजायचा. मला वाटायचं, नट ढिले राहत असतील. कुणाला कळलं तर त्याला या खोलीतून उठवतील. हीच खोली म्हणजे त्याचं सगळं होतं. म्हणून तो घरी गेला की मी मागून एकेक नट बघायचो. पाव फेरा. जास्त नाही, पाव फेरा."

"दर वेळी?"

"दर महिन्याला."

पाव आणि पाव आणि पाव. तिने डोळे मिटले.

"तुम्हाला माहीत नव्हतं शिसं मऊ असतं?"

"मी ब्रेकरवरचा माणूस, पोरी. माझे नट पोलादाचे. आमच्याकडे ढिलं राहणं हेच पाप." त्यांनी ब्रश एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "त्या दिवसापासून माझ्या मनात येत होतं. पण बघायची छाती होत नव्हती. आणि त्याने तर स्वतःच्याच तोंडाने जाऊन सांगितलं, माझ्या हातून राहिलं म्हणून. मी म्हटलं, असेल बाबा, राहिलं असेल त्याच्याच हातून. तेवढाच आधार धरून बसलो. त्याला कुठे ठाऊक, मागून कोण काय करतंय ते."

ती उठली. पायाला मुंग्या आल्या होत्या. काकांनी पुसलेल्या मधल्या ओळीतले दोन-चार नट तिने बघितले, तिथेही रेघा जुळलेल्या आणि कोपरे दोन्हीकडून खाल्लेले. काकांच्या कोपराला धरून तिने त्यांना वरच्या ओळीपाशी नेलं आणि एका नटाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"हे बघा. इकडून खाल्लाय, तो तुमचा पाना. आणि तिकडून?"

काका चष्मा वर करून बघत राहिले.

"त्यांना कळत होतं," ती म्हणाली. "दर महिन्याला ते तुमचा पाव फेरा सोडवून नट खुणेवर आणत होते. हात थरथरत असेल, पण कळत होतं. वरची ओळ आणली, मधली आणली. खाली बसता येत नव्हतं त्यांना. गुडघे."

पंखा खडखडत होता. काकांनी बोटाने त्या नटाचे कोपरे चाचपले, आधी एक बाजू, मग दुसरी, आंधळा माणूस चेहरा चाचपतो तसे.

"मग बोलायचं होतं एका शब्दाने," ते म्हणाले. "इतकी वर्षं एका डब्यात जेवलो. शिव्या घालायच्या होत्या मला."

"तुम्ही बोललात?"

"मी काय हौस म्हणून करत होतो? वहिनींनी फोन केला, म्हणाल्या, भाऊजी, जरा त्यांच्या मागून—"

ते थांबले. तोंडातून निघालेला शब्द परत गिळता येतो का ते बघत असल्यासारखं त्यांनी तोंड मिटलं.

"आई?" ती म्हणाली.

"नाही. तसं नाही गं."

"आईने सांगितलं होतं तुम्हाला?"

"लक्ष ठेवा म्हणाल्या बिचाऱ्या. लक्ष ठेवा, एवढंच. पाना लावा नाही म्हणाल्या."

दाराबाहेर बुटांचा आवाज आला. साहेब दारात थांबले, आत यायच्या आधी सवयीने खिशातला फोन काढून खिडकीत ठेवला.

"ट्रिप बघितलीत ना? उसना सेट आपल्यापेक्षा बरा निघाला." ते हसायला गेले आणि दोघांचे चेहरे पाहून थांबले. "काय? मिळालं कारण?"

तिने तोंड उघडलं. पण काका आधी बोलले.

"मिळालं, साहेब. मी."

साहेबांना समजायला वेळ लागला. काकांनी त्यांना खालच्या ओळीपाशी नेलं, रेघ दाखवली, नट दाखवला, चीर दाखवली. एखाद्या शिकाऊ माणसाला कामाची माहिती द्यावी तसं सगळं सांगितलं, कुठेही न अडखळता. साहेब उकिडवे बसून ऐकत होते.

"अण्णा तर स्वतः म्हणाले होते—"

"अण्णा काहीही म्हणायचे."

"पण तुम्हाला कुणी सांगितलं होतं का दुसऱ्याच्या कामावर पाना लावायला? कुणी काही बोललं होतं?"

"कुणी नाही. माझीच खोड."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. तिने काही सांगितलं असतं तर ते खरं असतं. तिने बादलीतलं फडकं बाहेर काढलं आणि पिळलं. पाणी संपलं तरी पिळत राहिली.

"ठीक आहे," साहेब उठत म्हणाले. मोठ्या कष्टाने उठल्यासारखे उठले. "तो सेल बाहेर काढा, बाकीची साखळी जोडा. मला वर कळवावं लागेल, काका. तुम्ही समजू शकता."

"कळवा, साहेब."

ते गेल्यावर काका सेल सोडवायच्या तयारीला लागले. तिने काही मदत केली नाही. ती बाहेर आली, खिडकीतला फोन घेतला आणि यार्डाच्या कुंपणापाशी जाऊन उभी राहिली. आईचे चार फोन येऊन गेले होते.

पहिल्या घंटीलाच आईने उचलला. "काय निघालं?"

महिनाभर ज्या वाक्यासाठी ती जगली होती ते वाक्य तिच्यापाशी होतं. तिने ते सांगितलं.

"बाबांची चूक नव्हती, आई."

पलीकडे काहीच झालं नाही. रडू नाही, सुस्कारा नाही. तिला वाटलं फोन तुटला.

"आई, ऐकतेयस ना? बाबांची—"

"ऐकलं." मग थोड्या वेळाने, अगदी साध्या आवाजात, "खालची ओळ होती का?"

तिने कुंपणाची जाळी घट्ट धरली.

"तुला कुणी सांगितलं?"

"मला कोण सांगणार. घरी येऊन म्हणायचे, आज वरचं सगळं जागेवर आणलं, खालचं राहिलं. काय जागेवर आणलं ते सांगायचे नाहीत, मी विचारायची नाही. आणि भाऊजींना मीच म्हटलं होतं मागून बघा म्हणून. दोन्ही टोकं माझ्याच हातात होती. गाठ तेवढी मारली नाही मी. त्या पोराची बायको येऊन बसली होती समोर. तिच्याकडे मला बघवेना."

म्हणजे ती लाज बाबांची नव्हती. एका छपराखाली महिनाभर राहून तिला आईचा चेहरा वाचता आला नव्हता.

"आई, ऐक. काकांनी साहेबांना सांगून टाकलंय, सगळं स्वतःवर घेतलंय. तुझं नाव कुठे नाही. विषय संपला."

"भाऊजींना दे फोन."

"आई, अगं—"

"दे म्हणते ना."

काका दारापर्यंत आले. हात ओले आहेत, म्हणाले. सोड्याचे आहेत, फोन खराब होईल. तिने फोन त्यांच्या कानाला लावून धरला. ते मान खाली घालून ऐकत राहिले.

"नाही, वहिनी... कशाला... नाही, तो माझाच पाना होता, तुम्ही काय..." मग बराच वेळ नुसतं ऐकणं. तिचा दंड भरून आला, तिने हात बदलला नाही. "बरं," ते म्हणाले. "बरं, वहिनी. बरं."

त्यांनी मान हलवली तेव्हा तिने फोन काढून घेतला.

"गाडी पाठव म्हणतायत," काका म्हणाले.

"कुठे जायला?"

"इकडे यायला. साहेब वर कळवायच्या आत."

तिच्या स्टेशनच्या गाडीचा ड्रायव्हर गेटपाशीच होता. तिने त्याला घराचा पत्ता सांगितला, फाटकापर्यंत नको, आत दारापर्यंत जा म्हणून सांगितलं, आणि गाडी वळून दिसेनाशी झाल्यावर कंट्रोल रूमच्या बाजूला गेली. साहेबांच्या केबिनचं दार अर्धं उघडं होतं. ते टेबलावरच्या फोनचा रिसीव्हर हातात घेऊन नंबर आठवत बसले होते.

"साहेब, एक खुर्ची मिळेल का?"

"बॅटरी रूममध्ये? तिथे खुर्ची कशाला?"

"तिथे नाही. इथे, तुमच्या समोर," ती म्हणाली. "माझी आई येतेय."

साहेबांनी रिसीव्हर जागेवर ठेवला.